कोकण किनाऱ्यावरचे पक्षी आणि लांब पल्ल्याची लेन्स

पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी टेलिफोटो लेन्स घ्यायची ठरली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ४०० मिलिमीटरची पुरेल की ६०० चीच घ्यावी? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे पूर्ण उत्तर लेन्सच्या माहितीपत्रकात मिळत नाही. पक्षी किती अंतरावर आहे, त्याच्यावर उजेड किती पडला आहे आणि त्याच्या नि आपल्या मधली हवा कशी आहे, यांवर ते अवलंबून असते, आणि कोकणात या सगळ्या गोष्टी भरती-ओहोटी, वारा आणि ऊन ठरवतात.

आधी अंतराचा हिशेब पाहू. पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सचे नाभीय अंतर (म्हणजे तो ४०० किंवा ६०० मिमीचा आकडा), भागिले पक्ष्यापर्यंतचे अंतर, एवढे केले की सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, उमटणाऱ्या प्रतिमेची लांबी मिळते. हिवाळ्यात रत्नागिरीच्या भाट्ये खाडीच्या मुखाशी किंवा गुहागरच्या पुळणीवर दिसणारा चिखल्या जेमतेम २० सेंटिमीटर लांबीचा असतो. तो ४० मीटरवर असेल, तर ४०० मिमी लेन्स त्याची २ मिमी लांबीची प्रतिमा देते आणि ६०० मिमी लेन्स ३ मिमीची. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजारांशांएवढा असतो; म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत पहिल्या लेन्समध्ये सुमारे ५०० आणि दुसरीत सुमारे ७५० पिक्सेल मिळतात. पिसांच्या कडा सुट्या दिसाव्यात अशी अपेक्षा असेल, तर हा फरक मोठा आहे. पण याच सूत्राची दुसरी बाजू अशी की ४०० मिमी लेन्स घेऊन ४० ऐवजी २७ मीटरवर पोहोचता आले, तर नेमका तेवढाच लाभ होतो. लेन्सचे जादा २०० मिलिमीटर म्हणजे इथे पुळणीवरचे तेरा मीटर.

लहान सेन्सरचा कॅमेरा लावला की ४०० ची लेन्स ६०० ची होते, असे सर्रास सांगितले जाते. लेन्सचे नाभीय अंतर त्यामुळे बदलत नाही. चित्राची चौकट तेवढी लहान होते. पक्ष्याचा तपशील ठरतो तो पिक्सेलच्या आकारावर, आणि लहान सेन्सरवरचे पिक्सेल बहुधा बारीक असतात म्हणून तो वाढलेला दिसतो.

उजेडाचे गणित पुढच्या काचेच्या व्यासाशी बांधलेले आहे. एफ-क्रमांक म्हणजे नाभीय अंतर भागिले लेन्सचे प्रभावी छिद्र. एफ/४ च्या ६०० मिमी लेन्सला त्यामुळे १५० मिमी व्यासाचे छिद्र लागते, तर एफ/६.३ ला सुमारे ९५ मिमी पुरते. १५०-६०० किंवा २००-६०० या पल्ल्याच्या लोकप्रिय झूम लेन्सवर ९५ मिमीचे फिल्टर बसतात, ते याच कारणाने. या झूम लेन्सचे वजन दोन किलोच्या आसपास असते. एफ/४ च्या ६०० मिमी लेन्सचे, अलीकडची हलकी रचना धरूनही, तीन किलोच्या आसपास, आणि किंमत तर कितीतरी पटींनी अधिक. त्या बदल्यात अडीचपट प्रकाश मिळतो.

तो प्रकाश किनाऱ्यावर किती उपयोगी पडतो? निरभ्र उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० ठेवून एफ/६.३ ला सुमारे १/२५०० सेकंदाचा शटरवेग मिळतो, आणि उडणारा सुरय किंवा कुरव स्थिर पकडायला तो पुरतो. उघड्या पुळणीवर एफ/४ साठी एवढा खर्च करावा, असे मला वाटत नाही. पोफळीच्या बागेत, देवराईत किंवा पावसाळ्यात झाडीतल्या ओहोळाकाठी बसणाऱ्या तिबोटी खंड्यासाठी मात्र उत्तर पालटते. हा पक्षी अवघा १३ सेंटिमीटरचा असला, तरी आडोशाला बसून राहिल्यास पुष्कळदा आठ-दहा मीटरवर दिसतो. तिथे ३०० किंवा ४०० मिमीही पुष्कळ होतात. कमतरता असते ती उजेडाची. एफ/६.३ ला जिथे आयएसओ ८००० लावावा लागतो, तिथे एफ/४ ला ३२०० वर भागते, आणि खंड्याच्या पाठीवरची निळी-जांभळी छटा त्या फरकाने वाचते. (वीण चालू असताना त्याच्या बिळासमोर ठाण मांडू नये, तेव्हा कोणतीही लेन्स पुरेशी लांब नसते.)

वजन कमी करण्याचा आणखी एक मार्ग गेल्या काही वर्षांत खुला झाला आहे. काचेतून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो, आणि लांब लेन्समध्ये या फरकामुळे पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार उमटते. ती घालवण्यासाठी फ्ल्युओराइटचे स्फटिक किंवा कमी वर्णविक्षेपाची, म्हणजे रंग कमी फाकवणारी, काच वापरतात. कॅननने १९६९ मध्ये ३०० मिमी लेन्समध्ये फ्ल्युओराइट वापरले होते. दुसरा उपाय विवर्तनाचा, म्हणजे बारीक कडांपाशी प्रकाश वळून पसरतो त्या गुणाचा. सूक्ष्म वर्तुळाकार पायऱ्या कोरलेल्या भिंगात रंगांचा क्रम काचेच्या उलट असतो, म्हणून दोन्ही दोष एकमेकांना छेदतात आणि लेन्स आखूड व हलकी होते. निकॉनची ५०० मिमी एफ/५.६ ही अशी लेन्स सुमारे दीड किलोची आहे. तिची मर्यादा किनाऱ्यावरच्या माणसाने लक्षात ठेवावी: प्रखर प्रकाशबिंदू चौकटीत आला की त्याच्याभोवती वलये दिसू शकतात, आणि मावळतीला चकाकणाऱ्या पाण्यावर असे बिंदू शेकड्यांनी असतात. कॅननची एक ८०० मिमी लेन्स तर सव्वा किलोचीच आहे, पण तिचे छिद्र एफ/११ वर कायम आहे. एफ/११ ला विवर्तनामुळे एका प्रकाशबिंदूची सुमारे १५ मायक्रॉनची तबकडी होते, म्हणजे ४ मायक्रॉनच्या जवळपास चार पिक्सेलांवर ती पसरते. पल्ला मिळतो, पण तपशील त्या प्रमाणात वाढत नाही.

माहितीपत्रकात ज्याचा उल्लेखही नसतो, तो घटक म्हणजे हवा. तापमान एक अंशाने बदलले की हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते ठरवणारा आकडा) साधारण दहा लाखांत एक भाग एवढाच बदलतो. हा बदल क्षुल्लक वाटतो. पण ६०० मिमी लेन्सवर ४० मीटरवरच्या चिखल्याच्या अंगावरचा जेमतेम पाव मिलिमीटर एका पिक्सेलमध्ये मावतो, आणि तापलेल्या वाळूवरची ढवळलेली हवा किरणांना त्याहून अधिक हलवते. थंडीतही ऊन चढले की कोरड्या वाळूवर ही थरथर सुरू होते. चित्र मऊ आले की लेन्सच्या फोकसवर संशय घेतला जातो, दुरुस्तीचा खर्चही होतो, आणि दोष असतो हवेचा. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून चित्र सुंदर येते म्हणून आपण पालथे पडतो, तेव्हा आपली दृष्टिरेषा नेमकी सर्वांत तापलेल्या थरातून जाते. यावर अधिक लांब लेन्स हा उपाय नाही. ती थरथरही मोठी करून दाखवते. मधली हवा कमी करणे, म्हणजेच अंतर कमी करणे, किंवा सकाळ गाठणे, एवढेच हातात असते.

हे अंतर समुद्र स्वतःच कमी करून देतो. ओहोटीला, कोकणातल्या भाषेत सुकतीला, पक्षी चिखलाच्या विस्तीर्ण पट्ट्यावर पांगलेले असतात. भरतीचे पाणी चढू लागले की ओल्या वाळूची पट्टी अरुंद होत जाते आणि चिखल्ये, तुतवार, कोरल तिच्यावर गोळा होत किनाऱ्याकडे सरकतात. आपण वरच्या अंगाला आधीच निश्चल बसलेलो असलो, तर ४० मीटरचे २० मीटर होतात आणि ४०० मिमी लेन्स ८०० चे काम करते. वेळेसाठी जुना ठोकताळा अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाणी फार वर चढत नाही, तर त्रयोदशीनंतर भरती जोमाची असली तरी तोवर वाळू तापू लागते. म्हणून हिवाळ्यात द्वादशीची सकाळ मला सर्वांत सोयीची वाटते; सात ते नऊ या दोन तासांत पाणी चढत असते आणि हवाही बरीचशी शांत असते. नक्की वेळ त्या त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यात पाहावी.

सकाळच्या बाजूने आणखी दोन गोष्टी आहेत. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्याने समुद्राकडे तोंड करून बसले की सूर्य पाठीशी राहतो. शिवाय पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, आणि पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उभे राहतात व तसेच उडतात. म्हणजे ते आपल्याकडे तोंड करून, उजेडात असतात. दुपारी खारा वारा सुटला की त्यांच्या पाठी दिसू लागतात.

या सगळ्याचा विचार करता, किनाऱ्यासाठी पहिली लेन्स घेणाऱ्याने ६०० पर्यंत जाणारी, दोन किलोच्या आसपासची झूम लेन्स घ्यावी, असे माझे मत आहे. पाणी जवळ आले की पल्ला कमी करता येतो, आणि समुद्र गरुड अचानक डोक्यावरून गेला तर पल्ला वाढवण्यासाठी लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायच्या टेलिकन्व्हर्टरची नव्हे, उलट २०० मिमीची गरज भासते. टेलिकन्व्हर्टर १.४ पटीचा असला तर निम्मा प्रकाश खातो आणि २ पटीचा तीन चतुर्थांश. वाळूवरच्या थरथरीत त्याचा लाभ क्वचितच होतो. पल्ला अपुरा वाटला म्हणून थव्याकडे चालत जाऊ नये. यांतले काही चिखल्ये लडाख-तिबेटच्या पठारावर विणीला जातात. मार्च-एप्रिलमध्ये त्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असताना प्रत्येक उठवणीत त्यांची चरण्याची वेळ आणि शक्ती दोन्ही वाया जातात.

निवड करताना झूम आतल्या आत होतो की नळी बाहेर येते, हेही पाहावे. बाहेर येणारी नळी दर वेळी खारी, दमट हवा आत ओढते. किनाऱ्यावरून परतल्यावर लेन्स कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर घासले जातात; आधी ब्लोअरने कण उडवावेत, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरचे अंग पुसावे. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत लेन्स तिच्या कापडी पिशवीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखून ठेवावी, आणि जेल ओलावा धरून रंग बदलू लागले की तापवून पुन्हा कोरडे करून घ्यावे.