पेपरातलं ‘मेथड्स’ म्हणजे प्रोटोकॉल नव्हे

पीएचडीला नुकतीच लागलेली मुलं एखादा नामांकित संशोधन-पेपर उघडतात, त्यातलं ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ हे प्रकरण वहीत उतरवून घेतात आणि त्यावरून थेट प्रयोग लावतात. समजा टिश्यूतून आरएनए हा रेणू काढायचा होता, तर तो येत नाही. मग खापर आधी किटवर, नंतर टिश्यूवर आणि शेवटी स्वतःच्या हातांवर फुटतं. चूक हातांची नसते. जे प्रयोग करण्यासाठी लिहिलेलंच नव्हतं, त्यावरून प्रयोग केलेला असतो.

पेपर कसा वाचायचा हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. मेथड्स भूतकाळात आणि प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाची पायरीवार कृती, आज्ञार्थात, एक त्रोटक आणि दुसरा लांबलचक, हे फरक वरवरचे. खरा घोळ पुढे आहे. मेथड्स लिहिलेलं असतं ते निष्कर्षावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तपासणाऱ्यासाठी. काय केलं, एवढंच ते सांगतं. कुठली पायरी जराशी हुकली तर अख्खा दिवस वाया जाईल आणि कुठली निव्वळ त्या लॅबची सवय आहे, हे त्यातून कळत नाही. सगळी वाक्यं एकाच वजनाची दिसतात.

ट्रायझॉलने, म्हणजे फेनॉल आणि ग्वानिडीन असलेल्या तयार द्रावणाने, आरएनए काढायचंच उदाहरण घ्या. या पद्धतीचा पाया चोम्चिन्स्की आणि साक्की यांनी १९८७ साली घातला. आजच्या पेपरात त्यावर एकच ओळ असते: उत्पादकाच्या सूचनेनुसार आरएनए वेगळा केला. प्रोटोकॉल मात्र सांगतो की एक मिली ट्रायझॉलला ०.२ मिली क्लोरोफॉर्म घाला, सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर १२,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट जोराला) १५ मिनिटं फिरवा आणि फक्त वरचा, आरएनए असलेला पाण्याचा थर उचला. मधल्या पांढऱ्या थराला पिपेटची टिप लागू देऊ नका, कारण फेनॉल आम्लधर्मी असल्याने डीएनए तिथे आणि खालच्या थरात जातो. थोडा जास्त आरएनए मिळावा म्हणून तळापर्यंत ओढलंत, तर डीएनएही सोबत येणार. शेवटी पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला आरएनएचा साका, पार कोरडा केलात तर तो नीट विरघळत नाही. २६०/२३० चं (२६० आणि २३० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं) गुणोत्तर घसरलं तर ग्वानिडीन किंवा फेनॉल मागे राहिल्याची शंका घ्या. ट्रायझॉलमध्ये कुटलेला नमुना उणे ८० ला ठेवून बाकीचं काम नंतर करता येतं, हेही प्रोटोकॉलच सांगतो. रात्री नऊ वाजता लॅबमध्ये एकट्या उभ्या असलेल्या मुलीला हीच माहिती हवी असते.

माझा सगळ्यात मोठा राग आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती फेरे या आकड्यावर आहे. ‘१२,००० आरपीएमला फिरवलं’ या वाक्याला रोटर (सेंट्रिफ्यूजमधला नळ्या धरून फिरणारा भाग) सांगितल्याशिवाय अर्थ नाही. आरपीएमचा वर्ग, गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या, गुणिले ०.००००१११८, म्हणजे जी. त्रिज्या ६ सेंमी असेल तर १२,००० आरपीएमला सुमारे ९,६६० जी मिळतात आणि १० सेंमी असेल तर सुमारे १६,१००. आकडा तोच ठेवून प्रयोग मात्र दुसराच होतो. तसंच ‘रूम टेंपरेचर’. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा २० ते २५ अंश असतात. नागपुरात मे महिन्यात एसी बंद पडला की अ‍ॅक्रिलामाइडचं जेल ओतता ओतताच घट्ट व्हायला लागतं.

आणि ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’! त्या संदर्भावरून आणखी जुन्या संदर्भाकडे, तिथून आणखी मागे. दोन पेपर मागे जाऊनही कृती सापडली नाही, तर शोध थांबवा आणि संबंधित लेखकाला ईमेल करा. त्यात संकोच कसला?

मी सुरुवात नेहमी किटच्या पुस्तिकेपासून करायला सांगते. ती फेकून देणाऱ्या लॅबचं मला नवल वाटतं. त्यानंतर बायो-प्रोटोकॉल आणि स्टार प्रोटोकॉल्स ही जर्नल्स. दोन्ही मोफत वाचता येतात आणि दोन्हींत तज्ज्ञांकडून तपासणी होते. प्रोटोकॉल्स डॉट आयओ या संकेतस्थळावर आवृत्त्या जपल्या जातात हे उत्तम, पण तिथे कुणीही टाकू शकतं, म्हणून कुणी लिहिलंय ते आधी बघा. नेचर प्रोटोकॉल्स या जर्नलमध्ये नाजूक पायऱ्या, थांबता येण्याच्या जागा आणि काय बिघडलं तर काय करायचं याचा तक्ता असतो. संस्थेकडे वर्गणी असेल तर आधी तो तक्ता वाचा. प्लाझ्मिडच्या (डीएनएच्या छोट्या गोल रेणूंच्या) कामाला ते पुरवणाऱ्या अ‍ॅडजीनची मोफत पानं पुरतात. हाताची हालचालच बघायची असेल तर जोव्ह या व्हिडिओ-जर्नलचे व्हिडिओ.

मेथड्स वाचायचं ते यानंतर, आणि तेही त्या गटाने मूळ कृतीत काय बदललं एवढंच शोधायला. सीनियरकडून मिळालेली झेरॉक्सही कामाची असते, पण तिच्यावर तारीख आणि आवृत्ती नसेल तर आज स्वतः लिहा. पेनने केलेल्या प्रत्येक बदलापुढे कारणही लिहा. थीसिसच्या मेथड्समध्ये मात्र हा प्रोटोकॉल जसाच्या तसा ओतू नका. तिथे जी, त्रिज्या, अंश आणि तुम्ही केलेले बदल द्या, आणि पूर्ण प्रोटोकॉल परिशिष्टात जोडा.