यातुविद्या आणि धर्म

मंत्र, विधी, ताईत यांसारख्या साधनांनी अलौकिक शक्तीकडून इच्छित फळ मिळवण्याच्या आचाराला यातुविद्या म्हणतात. यातुविद्येत मनुष्य शक्तीला हुकूम करतो आणि धर्मात तिची विनवणी करतो, असा भेद मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी केला. यातुविद्या ही धर्माच्या आधीची पायरी होय, असेही त्यांचे मत होते. समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी १९१२ मध्ये वेगळी कसोटी मांडली: धर्म भाविकांचा समुदाय घडवतो, तर मांत्रिकाकडे येणारी माणसे एकमेकांशी बांधलेली नसतात.

प्रत्यक्ष पुरावा मात्र या चौकटींत क्वचितच बसतो. इंग्लंडमधील बाथ येथे सुलिस मिनर्व्हा देवीच्या उष्ण झऱ्यात रोमन काळातील सुमारे १३० शिशाचे पत्रे सापडले. त्यांपैकी अनेकांवर चोरीची तक्रार कोरलेली आहे. कोणाचा झगा गेला, कोणाची नाणी गेली. चोर पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र, वस्तू देवळात परत येईपर्यंत त्याला झोप लागू नये, असे देवीला आदराने विनवलेले असते. हा शाप आहे आणि प्रार्थनाही आहे. लिहिणाऱ्याला त्यांत विरोध जाणवला असेल असे दिसत नाही. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील बाविसावे सूक्तही असेच आहे. त्यात अग्नी, सोम, वरुण यांना आवाहन आहे आणि तक्मन् म्हणजे ज्वराला नमस्कारही आहे. पण त्याच ज्वराला गंधारी, मूजवंत, अंग आणि मगध या लोकांकडे निघून जाण्यास बजावले आहे.

म्हणून कृतीचे स्वरूप पाहण्यापेक्षा ती कोणाच्या अधिकाराने झाली हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. बायबलमधील निर्गम ग्रंथात मोशेचा भाऊ अहरोन याच्या काठीचा साप होतो, फारोच्या म्हणजे मिसरच्या राजाच्या मांत्रिकांच्या काठ्यांचेही साप होतात. चमत्कार तोच, पण एक ईश्वराचा आणि दुसरा परक्यांचा. कुराणात जादू शिकवणे निषिद्ध मानले आहे, तरी गाठींवर फुंकर घालून जादू करणाऱ्यांपासून रक्षण मागणारा ११३ वा अध्याय त्यातच आहे.

ही सीमारेषा कोणी आखायची, हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हता. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटकाच्या आरोपावरून हजारो लोकांना, बहुतांशी स्त्रियांना, ठार मारण्यात आले. ग्रेट ब्रिटनमध्ये १७३६ साली लागू झालेल्या कायद्याने चेटकाचा खटलाच रद्द केला आणि जादू येत असल्याचा बहाणा करणे हा गुन्हा ठरवला.