नावात काय, पोटात काय: अपलोड होणाऱ्या फाइलच्या तपासणीची पार्श्वभूमी

गेल्या वर्षी एका ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर माझा नंबर यायची वाट बघत बसलो होतो. पुढच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म चालला होता. फोटो भावाच्या आयफोनवर काढलेला आणि ड्राइव्हवरून उतरवलेला, त्यामुळे नावाच्या शेवटी एचईआयसी, म्हणजे आयफोनचा फोटो साठवायचा प्रकार. साइटला जेपीजीच हवा होता. "थांबा ताई, करून देतो," म्हणत केंद्रचालकाने फाइल रिनेम केली. एचईआयसी खोडून जेपीजी लिहिलं. एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटचं प्रकार सांगणारं शेपूट, बदललं तर फाइल निकामी होऊ शकते, असा इशारा विंडोजने दिला. त्याने सवयीने ‘यस’ दाबलं. साइटने फाइल बिनतक्रार घेतली, पण प्रिव्ह्यूच्या चौकटीत तुटक्या चित्राची खूण आली.

"दादा, फोटो दिसत नाहीये."

"नेट स्लो असलं की होतं तसं. सबमिट झालंय बघा."

तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा तिथेच भेटली. अर्ज परत आला होता. कारण: फोटो उपलब्ध नाही.

मी सर्व्हर सांभाळायचं काम करतो, म्हणून ही गोष्ट मनातून जाईना. त्या केंद्रचालकाने अगदी भल्या हेतूने जे केलं, तेच हल्लेखोर वाईट हेतूने करतात: आतला ऐवज तसाच ठेवून फक्त नाव बदलतात. आणि त्या साइटने फाइलला फक्त नाव विचारलं. नावावर इतका विश्वास टाकायची सवय आपल्याला लागली कुठून, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

१९७३ साली युनिक्स या संगणकप्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत ‘फाइल’ याच नावाची एक कमांड आली. युनिक्सला नावाच्या शेवटी काय आहे याची फिकीर नव्हती. ही कमांड फाइल उघडून सुरुवातीचे बाइट बघायची आणि आत काय असावं ते सांगायची. या ओळखीच्या बाइटना ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. त्यांतल्या अगदी जुन्यांपैकी एक, अष्टमान पद्धतीतला ०४०७, मला फार बोलका वाटतो. पीडीपी-११ या संगणकाच्या भाषेत ०४०७ म्हणजे ‘पुढचे इतके शब्द ओलांडून उडी मार’ अशी आज्ञा. प्रोग्रामच्या तोंडाशी १६ बाइटचं हेडर, म्हणजे फाइलची माहिती सांगणारा मथळा, असायचं, ते ओलांडून खऱ्या कोडपाशी पोचायला ती आज्ञा ठेवली होती. पुढे तीच फाइलची खूण म्हणून वापरात आली. म्हणजे तेच दोन बाइट एकाने वाचले तर ओळखपत्र आणि दुसऱ्याने वाचले तर हुकूम. पुढचा सगळा गोंधळ या दोन बाइटांत आधीच दडलेला होता.

दुसरी परंपरा छोट्या संगणकांची. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीत नावाला ८ अक्षरं आणि प्रकाराला ३ अक्षरं असा साचा होता. डॉसने तो उचलला, विंडोजने पुढे नेला. इथे फाइल कशाने उघडायची हे नावच ठरवतं. घराघरांत हीच प्रणाली पोचली, म्हणून ‘शेवटी जेपीजी आहे म्हणजे फोटोच’ ही समजूतही घराघरांत पोचली. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस जगभर पसरला तो हिच्याच जोरावर. प्रेमपत्राच्या नावात टीएक्सटी होतं आणि त्यापुढे व्हीबीएस. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवून ठेवायचं, त्यामुळे लोकांना साधं पत्र दिसलं.

तिसरा धागा ईमेलचा. पत्राला चित्र किंवा आवाज जोडायची सोय नॅथॅनियल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये आरएफसी १३४१ या कागदात मांडली. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारा जाहीर कागद.) तिचं नाव माइम. प्रत्येक तुकड्यावर ‘हे चित्र आहे, जेपीईजी प्रकारचं’ अशी चिठ्ठी लावायची. चिठ्ठी लिहिणार पाठवणारा. ओळखीच्या माणसाचं पत्र असेल तर त्यात काही बिघडत नाही.

हे तीन धागे नोव्हेंबर १९९५ मध्ये एकत्र आले. झेरॉक्स कंपनीच्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर यांनी आरएफसी १८६७ लिहिला आणि वेबच्या फॉर्मला फाइल जोडायची सोय सुचवली. आपण आज दाबतो ते ‘फाइल निवडा’ बटण इथलं. सोबत ‘अ‍ॅक्सेप्ट’ नावाचा गुणधर्मही दिला, म्हणजे कोणत्या प्रकारच्या फाइल चालतील ते फॉर्म सांगू शकेल. या कागदातला सुरक्षिततेचा भाग मी पुनःपुन्हा वाचला आहे. त्यात काळजी आहे ती वापरणाऱ्याची: त्याने सांगितली नाही अशी फाइल ब्राउझरने परस्पर पाठवू नये. ती काळजी रास्तच होती. आलेली फाइल नीट हाताळणं ही घेणाऱ्याची जबाबदारी, हे मात्र एका वाक्यात उरकलं आहे. धोका उलट्या दिशेने, पाठवणाऱ्याकडून सर्व्हरकडे येईल, असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात नसावं.

त्याच १९९५ साली रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर वेबपानं घडवणाऱ्या भाषेची, साधनं लोकांसाठी खुली केली. पीएचपी इतकी लोकप्रिय का झाली, तर तिच्यात काही ‘बसवावं’ लागत नाही. वेबच्या फोल्डरमध्ये पीएचपी एक्स्टेन्शनची फाइल टाका, ब्राउझरमध्ये तिचा पत्ता लिहा, ती चालते. आता त्याच फोल्डरच्या पोटात ‘अपलोड्स’ नावाचं फोल्डर करा आणि परक्या माणसाला त्यात फाइल टाकू द्या. त्याने फोटोऐवजी एक ओळीचा पीएचपी कोड टाकला आणि पत्ता उघडला, की सर्व्हर त्याचा झाला. अशा फाइलला ‘वेब शेल’ म्हणतात.

पहिली तपासणी आली ती चिठ्ठीची. पीएचपी प्रत्येक अपलोडसोबत त्याचा प्रकार हाती देते. कित्येकांनी तो इमेज आहे का एवढंच पाहिलं. पण तो प्रकार ब्राउझरने पाठवलेला असतो, आणि ब्राउझरच्या जागी हल्लेखोराचा स्वतःचा प्रोग्राम असेल तर तो वाटेल ते लिहितो. पीएचपीच्या माहितीपुस्तिकेतही हे स्पष्ट बजावलं आहे.

मग नावाची तपासणी. शेवटी जेपीजी असेल तरच घ्यायचं. इथे कोड लिहिणारा आणि सर्व्हर, दोघे तेच नाव वेगवेगळ्या तऱ्हेने वाचतात असं निघालं. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये एका फाइलला अनेक एक्स्टेन्शन असू शकतात. एकाने भाषा सांगायची, एकाने प्रकार, अशी ती मूळ सोय. त्यामुळे कोणती फाइल पीएचपी म्हणून चालवायची हे ठरवणारा हँडलर ढिलाईने लावलेला असेल, तर ‘फोटो.पीएचपी.जेपीजी’ ही फाइल पीएचपी म्हणून चालायची. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस ६ या वेब सर्व्हरमध्ये ‘फोटो.एएसपी;.जेपीजी’ असं नाव दिलं, की सर्व्हर अर्धविरामापाशी थांबायचा आणि फाइल एएसपी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचा प्रोग्राम, म्हणून चालवायचा. सोरूश दलिली यांनी हे डिसेंबर २००९ मध्ये जाहीर केलं. पीएचपीत आणखी एक फट होती. पीएचपी आतून सी भाषेवर चालते. सी भाषेत शून्य बाइट आला की शब्द संपतो, पीएचपीत संपत नाही. नावाच्या मध्ये तो बाइट घातला, की तपासणाऱ्या पीएचपीला शेवटी जेपीजी दिसायचं आणि डिस्कवर लिहिणाऱ्या सीला त्याच्या आधीचं पीएचपी. ही फट २०१० च्या शेवटी आलेल्या ५.३.४ आवृत्तीत बुजली.

या सगळ्यांत एक प्रकरण मला फार शिकवून गेलं. सेबास्टियन त्शान यांचं ‘जेक्वेरी फाइल अपलोड’ हे साइटला अपलोडची सोय जोडणारं प्लगिन हजारो साइटवर होतं. सोबतचा नमुना कोड सर्व प्रकारच्या फाइल घ्यायचा, पण तो निष्काळजीपणा नव्हता. फाइल जिथे जमा होतात त्या फोल्डरमध्ये त्यांनी एक ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल ठेवली होती, तिच्यात अपाचेला सांगितलं होतं की इथलं काहीही चालवू नकोस. विचार पक्का होता. पण नोव्हेंबर २०१० मध्ये अपाचेच्या २.३.९ आवृत्तीत एक मूळ सेटिंग बदललं: सर्व्हरच्या मालकाने मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय अशा फोल्डरमधल्या सूचना वाचायच्याच नाहीत. हा बदलही वेग आणि सुरक्षितता या चांगल्या कारणांसाठीच होता. दोन्ही बाजूंनी शहाणपण, आणि मधलं कुलूप मात्र निघालेलं. अकामाई या इंटरनेट कंपनीचे लॅरी कॅशडॉलर यांनी ते जाहीर केलं ऑक्टोबर २०१८ मध्ये, जवळपास आठ वर्षांनी. तोवर हल्लेखोर ही वाट वापरत होते. त्शान यांनी दुरुस्ती तातडीने केली, पण गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर त्या कोडच्या ७,८०० हून अधिक नकला होत्या. त्या प्रत्येकीत जाऊन दुरुस्ती करणार कोण?

दुसरीकडे लोक फाइलचं पोट तपासू लागले होते. जिफची फाइल ‘जिफ८७ए’ किंवा ‘जिफ८९ए’ या सहा बाइटने सुरू होते. पीएनजीची आठ बाइटची खूण तर विचारपूर्वक घडवलेली आहे: पहिला बाइट असा, की जुन्या ७ बिटांच्या मार्गावरून गेला तर बिघडेल आणि कळेल, पुढे ओळबदलाच्या खुणा, म्हणजे वाटेत कुणी त्या बदलल्या तरी कळेल. पण ही खूण प्रवासात मोडतोड झाली का ते सांगते. फाइलमध्ये दुसरं काही आहे का, ते सांगायचं तिचं कामच नाही. सुरुवातीला ‘जिफ८९ए’ आणि खाली पीएचपी कोड, अशी फाइल खुणेची परीक्षा सहज पास होते.

२००८ च्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत नेथन मॅकफीटर्स, जॉन हीझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिफार’ नावाचा प्रकार जगापुढे आणला. जिफ वाचणारा प्रोग्राम वरून खाली वाचतो. जावा भाषेतला प्रोग्राम ज्यात बांधतात ते जार म्हणजे मुळात झिप, आणि झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, म्हणून तिचा वाचक मागून सुरू करतो. दोन्ही फाइल एकापुढे एक चिकटवल्या, की एकच फाइल साइटच्या लेखी चोख चित्र आणि जावाच्या लेखी चोख प्रोग्राम. इथे खोटं काहीच नाही. ती खरोखर जिफ आहे आणि खरोखर जार आहे. हे ध्यानात आल्यापासून ‘ही फाइल कशाची?’ हा प्रश्न मी अर्धाच धरतो. फाइल कशाची हे ती उघडणारा ठरवतो, म्हणून ती कोणाकोणाच्या हाती जाणार हे आधी विचारावं लागतं.

ब्राउझरही असाच एक उघडणारा. सुरुवातीचे बरेच सर्व्हर अनोळखी फाइलला साधा मजकूर अशीच चिठ्ठी लावायचे, म्हणून इंटरनेट एक्स्प्लोरर चिठ्ठी बाजूला ठेवून आतले २५६ बाइट स्वतः वाचायचा. चित्रात एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेसारखं काही सापडलं, की पान म्हणून चालवायचा. ‘अंदाज करू नकोस’ असं सांगणारं ‘नोस्निफ’ हेडर आलं ते इंटरनेट एक्स्प्लोरर ८ सोबत.

तेव्हा जाणत्यांनी ठरवलं, की आलेलं चित्र तसंच ठेवायचंच नाही; ते उघडायचं आणि त्यातले पिक्सेल घेऊन नवं चित्र लिहायचं. हा उपाय मला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो, पण त्याचीही परीक्षा झाली. मे २०१६ मध्ये ‘इमेजट्रॅजिक’ उघडकीला आलं. चित्रं उघडायला असंख्य साइट इमेजमॅजिक वापरायच्या. ते एक्स्टेन्शनकडे न बघता आतून प्रकार ओळखतं आणि शेकडो प्रकार जाणतं. जेपीजी नावाच्या फाइलमध्ये रेखाचित्राची एक आज्ञा आणि तिच्यातल्या वेबपत्त्यात लपवलेली कमांड असली, की ती कमांड सर्व्हरवर चालायची. उपाय म्हणून जे सांगितलं गेलं त्यात पहिलंच होतं: इमेजमॅजिककडे देण्याआधी मॅजिक बाइट तपासा. १९७३ ची ती कमांड पुन्हा कामाला आली.

आणि २०१७ मध्ये तर फाइल पाठवायचीही गरज उरली नाही. अपाचे स्ट्रट्स या वेबसाइट बांधायच्या साधनसंचात अपलोड वाचणाऱ्या भागाला चुकीची चिठ्ठी मिळाली, की तो त्रुटीचा संदेश बनवताना चिठ्ठीतलाच मजकूर कोड म्हणून चालवायचा. पॅच, म्हणजे दुरुस्ती, ७ मार्चला आला. एक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या ग्राहक-तक्रारींच्या पोर्टलवर तो लागला नाही, मे महिन्यात तिथून हल्लेखोर शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

आज जबाबदार साइट एकाच तपासणीवर विसंबत नाहीत. चालतील त्या मोजक्याच प्रकारांची यादी, पाठवणाऱ्याने दिलेलं नाव टाकून स्वतःचं नाव, वेबच्या फोल्डरबाहेर साठवण, चित्र उघडणारा प्रोग्राम वेगळ्या कोंडलेल्या जागेत, आणि लोकांनी टाकलेल्या फाइल वेगळ्याच डोमेनवरून देणं. गूगलचं ‘गूगलयूजरकंटेंट’ हे डोमेन त्यासाठीच दिसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने ‘मॅजिका’ खुलं केलं, ते शिकवलेल्या मॉडेलवरून फाइलचा प्रकार ओळखतं. ओळख सुधारली तरी बाकीचं सगळं लागतंच.

त्या मुलीच्या अर्जाचं शेवटी जमलं. दुसऱ्या खेपेला केंद्रचालकाने तिच्या भावाला तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितला. व्हॉट्सअ‍ॅपने तो उघडून जेपीजी म्हणून नव्याने लिहिला, आणि चौकटीत तिचा चेहरा दिसला. पहिल्याच दिवशी साइटने फाइलचे सुरुवातीचे बारा बाइट वाचून ‘ही एचईआयसी आहे, जेपीजी नाही’ एवढं सांगितलं असतं, तर तिचे तीन आठवडे वाचले असते.