मरणाचे अगत्य : येशूने शिष्यांना आधीच सांगितले, त्याची पार्श्वभूमी

पेत्र या शिष्याने येशूला दटावले, असे येशूचे चरित्र (शुभवर्तमान) लिहिणारा मार्क सांगतो. शब्द तोच आहे, दटावणे. फिलिप्पाच्या कैसरीयाकडच्या खेड्यांतून जाताना येशूने विचारले होते, मी कोण आहे असे तुम्ही म्हणता? पेत्र म्हणाला, तू ख्रिस्त आहेस. हे उत्तर रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण लगेच येशूने पुढचे सांगायला सुरुवात केली : मला पुष्कळ सोसावे लागेल, वडीलजन, मुख्य याजक आणि शास्त्री मला नाकारतील, मला मारतील, आणि तीन दिवसांनी मी उठेन. तेव्हा पेत्राने त्याला बाजूला घेतले आणि शिष्य गुरूला बोलू लागला. त्यावर येशूने त्याला सैतान म्हटले.

प्रवचनांमध्ये या प्रसंगावरून पेत्राला झोडपण्याची पद्धत आहे. मला तो त्याच्यावर अन्याय वाटतो. त्या काळातला, त्या मुलखातला कोणीही शहाणा माणूस तेच बोलला असता. का, ते समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

आधी जागा. फिलिप्पाचे कैसरीया म्हणजे आजचे बनियास, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, यार्देनच्या उगमांपैकी एका उगमापाशी. तिथे कड्यात एक गुहा आहे आणि ती पान या ग्रीक देवाची होती. गावाचे मूळ नाव पानियास, त्याचेच पुढे बनियास झाले. यहूद्यांचा राजा थोरला हेरोद याने या परिसरात सम्राट ऑगस्टसचे देऊळ बांधले, त्याचा मुलगा फिलिप्प याने गाव वाढवून त्याला कैसराचे नाव दिले. म्हणजे देवाचा मान घेणाऱ्या सम्राटाच्या नावाच्या गावाजवळ एक कोळी एका सुताराला ‘तू अभिषिक्त राजा आहेस’ असे सांगतो आहे. ‘ख्रिस्त’ हा ग्रीक शब्द आणि ‘मशीहा’ हा हिब्रू, दोन्हींचा अर्थ अभिषिक्त. डोक्यावर तेल ओतून ज्याला नेमले तो.

असा राजा येऊन काय करणार, याबद्दल लोकांच्या मनात ठरावीक चित्र होते. इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपेने यरुशलेम घेतले आणि तो थेट मंदिराच्या परमपवित्र स्थानात शिरला. त्यानंतरच्या काळात रचलेली काही यहूदी स्तोत्रे शलमोनाच्या नावाने ओळखली जातात (बायबलमधली नव्हेत, वेगळी). त्यांतल्या सतराव्या स्तोत्रात दाविदाच्या वंशातल्या राजाची मागणी आहे : त्याने यरुशलेम परक्यांपासून शुद्ध करावे, अन्यायी सत्ताधाऱ्यांना चिरडावे. सगळे यहूदी हेच मानत होते असे नाही. कोणी याजकवंशातल्या अभिषिक्ताची वाट पाहत होते, तर कोणाला कसलीच वाट पाहायची नव्हती. पण परक्यांच्या हातून मारला जाणारा मशीहा मात्र कोणाच्या अपेक्षेत असल्याचे फारसे दिसत नाही. मारला गेला म्हणजे तो मशीहा नव्हता, हिशेब साधा होता.

आणि हा हिशेब लोकांनी पुस्तकात वाचलेला नव्हता. इ. स. पू. ४ मध्ये थोरला हेरोद मेल्यावर ठिकठिकाणी बंडे झाली. सिरियाचा रोमन सुभेदार वारूस फौज घेऊन उतरला. जोसेफस हा यहूदी इतिहासकार सांगतो की त्याने सुमारे २,००० बंडखोरांना वधस्तंभावर खिळले. गालीलमधले सेप्फोरिस शहर जाळले आणि तिथल्या लोकांना गुलाम केले, असेही तो लिहितो. सेप्फोरिस नासरेथहून चालत तास-दीड तासावर. येशूचा जन्म त्याच सुमाराचा. त्याच्या लहानपणी नासरेथच्या म्हाताऱ्यांच्या गप्पांत ही आठवण नसेल, असे होणे कठीण. इ. स. ६ मध्ये शिरगणतीच्या वेळी गालीलचा यहूदा उठला आणि तोही नाहीसा झाला. पुढे त्याच्या दोन मुलांनाही रोमनांनी वधस्तंभावरच दिले.

इथे मराठीबद्दल थोडे बोलायला हवे. आपल्याकडच्या कॅथलिकांत ‘क्रूस’ हा शब्द चालतो, तो पोर्तुगीजांबरोबर आला. प्रोटेस्टंट बायबलात मात्र ‘वधस्तंभ’ आहे. क्रूस गळ्यात घालता येतो, सोन्याचा करता येतो, वसईच्या वाटावाटांवर पांढरा रंगवून उभा करता येतो. वधस्तंभ ऐकला की खांब दिसतो आणि वध दिसतो. ‘जो माझ्यामागे येऊ पाहतो त्याने आपला वधस्तंभ उचलावा’ हे येशूने याच प्रवासात सांगितले. आज आपण गुडघेदुखीला आणि खाष्ट शेजाऱ्यालाही ‘ज्याचा त्याचा क्रूस’ म्हणून मोकळे होतो. ऐकणाऱ्या बारा जणांना मात्र कैदी आपल्या शिक्षेचे आडवे लाकूड खांद्यावर घेऊन वेशीबाहेर चालला आहे, एवढेच दिसले असणार. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तर भागात एका थडग्यातल्या अस्थिपेटीत येहोहानान नावाच्या माणसाचे टाचेचे हाड सापडले. त्यात लोखंडी खिळा आरपार तसाच होता. टोक वाकल्यामुळे तो बहुधा निघाला नसावा, म्हणून घरच्यांनी खिळ्यासकटच हाड पुरले. शिवाय ‘झाडावर टांगलेला देवाने शापित असतो’ असे बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या नियमशास्त्राच्या पुस्तकात आहे. वेदना, बदनामी आणि वर शाप. अभिषिक्त राजाच्या वाट्याला यांतले काय येऊ शकते?

तरी येशूला हे कुठून सुचले? भविष्यज्ञानाचा प्रश्न श्रद्धावानांसाठी राहू द्या. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यालाही चिन्हे दिसत होती. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला गालीलचा अधिपती हेरोद अंतिपा (थोरल्या हेरोदाचा मुलगा) याने मारले होते. मार्क त्याची गोष्ट वाढदिवसाच्या मेजवानीची म्हणून सांगतो. जोसेफस सांगतो की योहानाच्या शब्दावर लोक काहीही करतील, बंडसुद्धा, अशी अंतिपाला भीती होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. योहानाकडूनच येशूने बाप्तिस्मा घेतला होता, त्यामुळे पुढचा नंबर कोणाचा हे सांगायला ज्योतिषी नको होता. संदेष्ट्यांना मारायचे आणि मग त्यांच्या कबरी सजवायच्या, ही यरुशलेमची रीत येशूने स्वतःच बोलून दाखवली आहे. आणि त्याआधी दोनशे वर्षांपूर्वी, ग्रीक राजा अंतियोख याने केलेल्या यहूद्यांच्या छळात नियमशास्त्रासाठी मेलेल्यांच्या गोष्टी घराघरांत होत्या. त्यांत ‘देव आम्हांला पुन्हा उठवील’ असे म्हणत मरणारी सात भावंडे आहेत. मरण आणि पुनरुत्थान यांची सांगड तिथे आधीच घातलेली होती.

मराठी बायबलात या भाकिताला ‘अगत्य’ हा शब्द आहे : हे सगळे घडावे ‘ह्याचे अगत्य आहे’. आज अगत्य म्हटले की पाहुण्यांचे स्वागत आठवते, पण इथे जुना अर्थ आहे, टळू न शकणारी निकड. मूळ ग्रीक शब्दातही हेच दडलेले आहे : हे व्हायलाच हवे.

हे तीनदा सांगितले जाते आणि तिन्ही वेळा पाठोपाठ फजिती होते. मार्काची ही मांडणी मला फार आवडते. पहिल्यांदा पेत्र दटावतो. दुसऱ्यांदा, गालीलमधून जाताना, येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र (तो स्वतःला असे म्हणे) माणसांच्या हाती दिला जाईल. शिष्यांना कळत नाही आणि विचारायची भीती वाटते. मग कफर्णहूमच्या घरात येशू विचारतो, वाटेत कसली चर्चा चालली होती? सगळे गप्प. आपल्यात मोठा कोण, यावर ते भांडत होते. तिसऱ्यांदा यरुशलेमकडे चढताना तो पुढे चालला आहे, मागून येणारे घाबरलेले आहेत, आणि तो सगळा तपशील सांगतो : थट्टा करतील, थुंकतील, फटके मारतील, मारून टाकतील. यावर जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान पुढे येतात. तुझ्या वैभवात आम्हांला एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसू दे. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय याने ही मागणी त्यांच्या आईच्या तोंडी घातली, बहुधा मुलांची लाज राखायला. पुढे येशूच्या उजवीकडे आणि डावीकडे कोण होते, ते मार्क काही न बोलता लिहून ठेवतो : दोन लुटारू. या सगळ्या भागाच्या एका टोकाला बेथसैदाचा आंधळा आहे, ज्याला आधी माणसे झाडांसारखी दिसतात, आणि दुसऱ्या टोकाला यरीहोचा आंधळा बार्तीमय.

ही भाकिते घटना घडून गेल्यावर येशूच्या तोंडी घातली, असे अनेक अभ्यासक म्हणतात. तिसऱ्या भाकितातला बारीक तपशील पाहता हा संशय वाजवी आहे. मार्क साधारण इ. स. ७० च्या आसपास लिहीत होता आणि शेवट त्याला माहीत होता. पण दुसऱ्या भाकिताबद्दल योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने एक गोष्ट दाखवली : अरामी भाषेत ते वाक्य शब्दांचा खेळ आहे, माणसाचा पुत्र माणसांच्या पुत्रांच्या हाती. ग्रीकमध्ये घडवलेल्या वाक्यात असा खेळ सहज येत नाही. मराठीत तो आपोआप उतरतो हा आपला योग. आणखी एक : मार्काच्या तिन्ही भाकितांत वधस्तंभाचे नाव नाही, नुसते ‘मारतील’. मागाहूनच रचायचे तर ते वगळले कशाला? मत्तयाने तो शब्द घातला आहे. आणि मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समाजाच्या, सर्वांत मोठ्या पुढाऱ्याला, पेत्राला, सैतान म्हटल्याची गोष्ट मंडळीनेच रचली, हे पटत नाही.

यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली आणि यरुशलेम सुमारे ७५० मीटर वर. पंचवीसेक किलोमीटरची ही चढण वल्हांडणाच्या यात्रेकरूंनी भरलेली असे. वल्हांडण हा गुलामीतून सुटकेचा सण, म्हणून रोमन सुभेदार समुद्रकाठच्या कैसरीया बंदराहून (फिलिप्पाचे कैसरीया वेगळे) फौज घेऊन यरुशलेमात येऊन बसे. त्या वर्षी तो पिलात होता. अशा गर्दीत येशूने मंदिरातले सराफांचे चौरंग उलथून टाकणे म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळत होते.

शेवटच्या आठवड्यातला एक प्रसंग मला या तयारीचा गाभा वाटतो. बेथानीत, शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी जेवण चालले असताना एक बाई अलाबास्त्र दगडाची कुपी फोडून येशूच्या डोक्यावर तेल ओतते. जटामांसीचे तेल. ही वनस्पती हिमालयातली, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात तिची वाळकी, केसाळ मुळी मिळते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात ती भडोच बंदरातून पश्चिमेकडे जाते अशी नोंद आहे. म्हणजे कुपीतला सुगंध उंट आणि जहाजे करीत हजारो कोस आलेला. किंमत तीनशे दीनारांच्या वर, आणि मजुराची रोजी एक दीनार. वर्षभराची कमाई एका क्षणात ओतली म्हणून लोक चिडले. डोक्यावर तेल राजाच्या ओततात, तसेच मृतदेहालाही तेल लावतात. येशूने दुसरा अर्थ घेतला : माझ्या उत्तरकार्यासाठी तिने आधीच केले. बारा जणांना तीनदा सांगून जे जुळले नव्हते, राजा आणि प्रेत, ते तिने न बोलता एका कुपीत जुळवले. मार्काने तिचे नावसुद्धा दिलेले नाही.

शेवटच्या जेवणाबद्दल एवढेच की मरणापूर्वी घरच्यांना निरवानिरव सांगण्याची यहूदी परंपरा जुनी होती. जुन्या करारातल्या याकोबाने मुलांना, मोशेने लोकांना असेच सांगितले. योहानाच्या शुभवर्तमानातले लांबलचक संभाषण त्याच वळणाचे आहे, आणि त्यातला ‘कैवारी’ हा मराठी शब्द मूळ अर्थाला चांगला पकडतो : आपली बाजू घेऊन उभा राहणारा. पण लूक या शुभवर्तमानकाराने त्याच रात्रीची एक वेगळीच गोष्ट ठेवली आहे. इतके सगळे ऐकूनही शिष्य म्हणतात, प्रभू, बघ, दोन तलवारी आहेत. येशू म्हणतो, पुरे.

मग गेथशेमाने, म्हणजे तेलाचा घाणा. तिथे ते झोपतात, आणि पकडायला आले तेव्हा पळतात. गालीलहून आलेल्या बायका मात्र वधस्तंभापासून लांब उभ्या राहून बघत राहिल्या, मागून कबरीपर्यंत गेल्या. सब्बाथानंतरच्या (यहूद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसानंतरच्या) पहाटे त्यांना कबरीपाशी सांगण्यात आले की तो गालीलात असताना काय बोलला होता ते आठवा. तेव्हा त्यांना ते शब्द आठवले, असे लूक लिहितो. त्यांनी जाऊन उरलेल्या अकरा शिष्यांना सांगितले. त्यांना ती बायकांची बडबड वाटली.