नागपूरचा मे महिना आणि लॅपटॉपची फुगलेली बॅटरी

मागच्या एका मे महिन्यात माझ्या लॅपटॉपचं टचपॅड क्लिक व्हायचं बंद झालं. बोट फिरवलं की बाण फिरायचा, पण दाबलं की टक् आवाजच नाही, जसा खाली कुणी कापूस भरून ठेवलाय. धूळ गेली असेल म्हणून आठ दिवस माऊस लावून काढले, आणि मग एक दिवस लक्षात आलं की टेबलावर ठेवलेला लॅपटॉप एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा डुगडुगतोय. बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात, एका रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने स्क्रूसुद्धा काढला नाही, नुसती पाठ चाचपली अन् म्हणाला, "भाऊ, टचपॅडले काही नाही झालं, खालून बॅटरी फुगली तुमची. दिवसभर चार्जिंगले लावून ठेवता का?" म्हणलं हाव. "अन् कूलर?" कूलर खाली हॉलमध्ये, आणि मी बसतो वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली. तो फक्त हसला.

झाकण उघडल्यावर आत तीन चपटी चंदेरी पाकिटं होती आणि मधलं वेफर्सच्या पुड्यासारखं टम्म झालेलं. प्रत्येक पाकीट म्हणजे एक लिथियम-आयन सेल. आत एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट-निकेल वगैरे धातूंचं ऑक्साइड आणि मधे एक द्रव, ज्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात, एवढाच काय तो खेळ. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं ते याच्याच कामासाठी, त्यातले गुडइनफ आजोबा तेव्हा ९७ वर्षांचे होते.

आता बिघडतं काय ते सांगतो. पहिल्याच चार्जिंगमध्ये ग्रॅफाइटवर एक पातळ थर बसतो, तो लागतोच, नाहीतर इलेक्ट्रोलाइट ग्रॅफाइटवर सतत सडत राहील. पण हा थर थांबत नाही, हळूहळू जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं गिळतो. कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे पाणी झिरपतं त्या गवताच्या जाळ्यांवर, पांढरे क्षार चढतात ना, दोन सीझनमध्ये पाणी झिरपणं बंद होतं, तसंच समजा. फरक इतकाच की ताट्या थोडक्या पैशांत बदलता येतात. आणि द्रव जास्त सडला की गॅस होतो, पाकीट सीलबंद, गॅस जाणार कुठे, मग ते फुगतं आणि वर असलेल्या टचपॅडला खालून ढकलतं.

हे सडणं दोन गोष्टींनी वाढतं, उष्णता आणि भरलेपण. साधारण १० अंश तापमान वाढलं की अशा रासायनिक क्रिया जवळपास दुप्पट वेगाने होतात, हा ढोबळ नियम आहे. आपल्याकडे नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेलेत, आणि २०२४ च्या मे अखेरीस एका सेन्सरने तर ५६ दाखवले होते, नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला, पण खोटं असेल म्हणणारा मला तरी त्या दिवशी कोणी भेटला नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, वरच्या खोलीत ४० अंश, त्यात लॅपटॉप गादीवर, म्हणजे खालची हवेची जाळी बंद, आत बॅटरी ५० च्या वर आरामात जाते.

भरलेपणाचं असं की सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ ते ४.४ व्होल्टवर जातो आणि त्या दाबाखाली इलेक्ट्रोलाइट जास्त लवकर मोडतो. बरेच लोक म्हणतात चार्जर लावून ठेवला की "ओव्हरचार्ज" होते. नाही होत, आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. त्रास होतो तो १०० टक्क्यांवर, गरम गरम, दिवसेंदिवस नुसतं पडून राहण्याचा. माझं नेमकं हेच चालू होतं, तीन उन्हाळे.

उपाय फुकट आहे आणि बहुतेकांच्या लॅपटॉपमध्ये आधीच असतो. लेनोव्होमध्ये कन्झर्वेशन मोड, असूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, डेलच्या आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मेनूत, सेटिंग. चार्जिंग ६० किंवा ८० वर थांबवा आणि मग खुशाल प्लग लावून ठेवा. महिनाभर गावाला जाणार असाल तर अर्धी भरून बंद करून ठेवा. पूर्ण रिकामी करून ठेवली तर व्होल्टेज इतकं पडू शकतं की आतल्या तांब्याच्या पत्र्याची वाट लागते.

बॅटरी किती उरली हे बघायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा, एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावर उरलेली) बघा. माझं होतं ४२,००० पैकी १९,६०० मिलीवॅट अवर, म्हणजे ४७ टक्केच.

नवीन घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. ११.४ व्होल्ट म्हणजे तीन सेल ओळीने, १५.२ म्हणजे चार, एकाच्या जागी दुसरी चालत नाही. उत्पादनाची तारीखही बघा, कारण ही बॅटरी डब्यातही म्हातारी होते. आणि माझी एक सवय, किचनच्या काट्यावर वजन करतो. ५० वॅट अवरची बॅटरी साधारण २०० ते २५० ग्रॅम भरते, लेबलवर ५० लिहिलंय आणि काटा १२० दाखवतोय तर सरळ परत.

बॅटरी फुगलेली नसेल आणि स्क्रूने बसवलेली असेल तर घरी बदलता येते: लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं, आणि उचकटायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर नाही, जुनं प्लास्टिकचं कार्ड. फुगलेली असेल तर चार्जिंग तिथेच बंद करा आणि दुकानात न्या. दाबून सपाट करायला किंवा टाचणीने गॅस काढायला जाऊ नका, आग लागते. नवीन बसवल्यावर आठ तास चार्ज करा हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला, विसरून जा. फक्त एकदा पूर्ण भरून नंतर बरीच खाली जाऊ द्या, म्हणजे टक्क्यांचा अंदाज नीट बसतो.

जुनी घंटागाडीत टाकू नका, कचऱ्यात दाबली गेली की पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. माझी त्या रिपेअरवाल्यानेच ठेवून घेतली, दुकानाबाहेर वाळूच्या बादलीत.

नवीन बसवून दोन उन्हाळे झाले. ८० ची मर्यादा लावलीय आणि एप्रिल लागला की मी खाली हॉलमध्ये बसतो, कूलरच्या तोंडासमोर नाही, बाजूला, कारण फवारा सरळ जाळीत गेला तर वेगळीच भानगड. परवा रिपोर्ट काढला, ४२,००० पैकी ३८,२००.