घरघर लागली म्हणजे नक्की काय झालं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या परळच्या चाळीत तळमजल्यावरचे काका सकाळी दूध घेऊन येताना जिन्याजवळच कोसळले. वय 54. हाका मारल्या तर ओ नाही. मधूनच घशातून एक खरखरीत, ओढून घेतल्यासारखा श्वास, मग बराच वेळ काहीच नाही. जमलेल्यांतल्या एक आजी म्हणाल्या, "घरघर लागली गं, तुळशीपत्र आण." सून गंगाजलाची लोटी घेऊन धावत आली. तेवढ्यात रात्रपाळी करून परतलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर पुढे झाल्या. "तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही, 108ला फोन लावा," असं ओरडत त्यांनी गुडघे टेकले, काकांच्या छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवला आणि दाबायला सुरुवात केली.

आजींचं चुकलं का? माझ्या मते त्यांचा आवाजाचा अंदाज बरोबर होता, माणूस चुकला. आपण मराठीत 'घरघर' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

पहिली घरघर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची. महिनोन् महिने आजार झालेला, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलेलं. शरीर हळूहळू मिटत असतं, गिळायची ताकद गेलेली असते, म्हणून घशात साचलेल्या लाळेतून आणि कफातून श्वास वाजतो. इथे तुळशीपत्र, नामस्मरण, मुलाबाळांनी हात धरून बसणं हेच योग्य. डोंगरीतल्या घरात अशा वेळी कलमा म्हणतात, वांद्र्याच्या घरात फादरना बोलावतात. अशा माणसाची छाती दाबणं म्हणजे बरगड्या मोडून त्याला आयसीयूत धाडणं. तसं नको असेल तर आधीच लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आहे.

दुसरी घरघर काकांची. काल गॅलरीत गप्पा मारणारा माणूस आज अचानक पडतो. हृदय रक्त पुढे ढकलायचं थांबलेलं असतं. बऱ्याचदा ते साफ थांबलेलंही नसतं, नुसतं थरथरत असतं. दहा-वीस सेकंदांत शुद्ध जाते, पण मेंदूच्या बुडाशी थोडा प्राणवायू उरलेला असतो. त्यावर श्वासाचे उचकीसारखे तुरळक झटके येतात, तीच ही घरघर. त्याला श्वास चालू आहे असं समजू नये. हाकेला ओ नाही आणि श्वास नीट नाही, एवढं दिसलं की छाती दाबायला घ्यायची. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसात पाच-सहा सेंटीमीटर खोल. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दाबणारा थकतो आणि थकलंय हे त्याला कळत नाही. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घसरते. बेशुद्धाच्या तोंडात घातलेलं गंगाजल तर थेट श्वासनलिकेत उतरू शकतं.

(हा कार्डिअ‍ॅक अरेस्ट. याला हार्ट अटॅक म्हणायची आपली सवय आहे. अटॅकमध्ये हृदयाची एखादी रक्तवाहिनी तुंबते. माणूस घामेजतो, छाती धरतो, पण बोलतो. त्यातून अरेस्ट होऊ शकतो, तरी दोन्ही एक नव्हेत.)

अँब्युलन्स आली, शॉक दिला. शॉकनं बंद हृदय चालू होतं हा सिनेमातला समज. शॉक ती बेताल थरथर थांबवतो, आणि मग हृदयाची स्वतःची लय पुन्हा सुरू झाली तर होते. मॉनिटरवर सरळ रेघ असेल तर शॉक देतच नाहीत.

काकांची लय आली. आता सगळी चाळ म्हणते, "काका मरून परत आले." काकू म्हणतात, "बाप्पानं परत पाठवलं." सिस्टर म्हणतात, "वेळेत हात लागला." मला यात भांडण दिसत नाही, फक्त 'मेले' हा शब्द अडचणीचा वाटतो. भारतातल्या 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सगळी लक्षणं कायमची नाहीशी होणं. कायमची! जो परतला तो कायद्यानं मेलाच नव्हता. आपली जुनी म्हण हेच जास्त नेमकं सांगते: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

आणि गंमत म्हणजे, मृत्यू झाला की नाही हे ठरवणं डॉक्टरांकडे सोपवायला धर्मांची फारशी हरकत दिसत नाही. पोप पायस बारावे यांनी 1957 मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना हा प्रश्न वैद्यकाचा असल्याचं सांगितलं. 1986 मध्ये अम्मानला इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीनं मेंदूमृत्यूही मान्य केला. धर्माला खरा रस पुढच्या प्रश्नात असतो: हाच का वाचला, आणि मधल्या वेळात तो होता कुठे?

त्या मधल्या वेळावर डॉक्टरांनीही काम केलंय. हॉलंडमधल्या हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांच्या 2001च्या अभ्यासात अरेस्टमधून वाचलेल्या 344 जणांपैकी 62 जणांना काही ना काही अनुभव आठवत होता. म्हणजे बहुतेकांना काहीच नाही. आपल्याकडे सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी 1986 मध्ये भारतातल्या, मरणाच्या दारातून परतलेल्या 16 जणांच्या हकिकती मांडल्या. त्यांत यमदूत न्यायला येतात, वर वही तपासली जाते, 'चुकीचा माणूस आणला' म्हणून परत धाडतात. थोडक्यात, चित्रगुप्ताच्या कचेरीतही नावांचा घोळ होतो. पाश्चात्त्यांच्या कथनात बोगदा आणि उजेड येतो, आपल्याकडे कारकून येतो. यावरून मला तरी वाटतं की अनुभव खरा असेल, पण त्याला कपडे आपापल्या गावचे.

वटपौर्णिमेची कथा या दृष्टीनं पुन्हा वाचून बघा. महाभारतात सत्यवानाचं लाकडं फोडताना डोकं दुखतं, तो सावित्रीच्या मांडीवर आडवा होतो, यम पाश टाकून अंगठ्याएवढा पुरुष बाहेर ओढतो. सगळा संवाद संपून तो शुद्धीवर येतो तेव्हा पहिलं काय म्हणतो? फार वेळ झोपलो, उठवलं का नाहीस? आणि लगेच, मला ओढणारा तो काळा पुरुष कुठे गेला?

काका तीन आठवड्यांनी घरी आले. बरगड्या दुखत होत्या, छातीला पट्टा होता. संध्याकाळी अर्धी चाळ त्यांच्या खोलीत. आजींनी खुर्ची अगदी पुढे ओढून विचारलं, "कोण दिसलं रे तिकडे?"

काकांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "दुधाच्या दोन पिशव्या होत्या हातात. त्या कुणी उचलल्या?"

आजी उठल्या. दारात चप्पल घालता घालता सुनेला म्हणाल्या, "सगळं आठवतंय त्याला. सांगायची परवानगी नसते."