‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ : कोकणातील हवामान अंदाज एकमेकांशी का जुळत नाहीत

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात सप्टेंबरमधल्या एका पहाटे एका तांडेलाने फोनवरचे वारा दाखवणारे ॲप उघडून शेजारच्या खलाशापुढे धरले. कोपऱ्यातील एक खूण दाबली की दुपारचा वारा ताशी 20 किलोमीटर दिसे, दुसरी दाबली की तोच वारा ताशी 40. बंदर तेच, वेळही तीच. बदलले होते ते फक्त मागचे मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारे संगणकीय गणित, पहिले युरोपीय आणि दुसरे अमेरिकी. त्याच सुमारास गटावर फिरत आलेल्या सरकारी पत्रकात जिल्ह्याला पिवळा रंग होता आणि त्याखाली ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे शब्द होते. यातला खरा कोणता, हा प्रश्न कोकणात तसा नवाच आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत किनाऱ्यावर अंदाज एकच पोहोचत असे. तो आकाशवाणीवर ऐकू येई आणि तोच बंदरात बावट्याच्या रूपाने दिसे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची असून तेथील हवामानाच्या नोंदी 1841 पासूनच्या आहेत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येऊ घातल्यावर चुंबकीय मोजमाप 1904 मध्ये अलिबागला हलवण्यात आले, त्यामुळे अलिबागच्या वेधशाळेला पावसाचे काही विचारायला जाणारे पर्यटक आजही निराश होऊन परततात. कोलकात्याला 1864 मध्ये बसलेल्या चक्रीवादळाच्या तडाख्यानंतर बंदरांसाठी इशारे सुरू झाले, 1875 मध्ये देशव्यापी खाते उभे राहिले आणि 1886 मध्ये हिमालयातील बर्फाच्या आधारे पावसाळ्याचा पहिला रीतसर अंदाज निघाला. या काळात खात्याशी स्पर्धा होती ती पंचांगाची. मृगाचे वाहन बेडूक की म्हैस यावर पावसाचा होरा बांधणारे लोक खात्याच्या अंदाजाकडे शंकेने पाहत, पण दोन खाती आपसात भांडत आहेत असे चित्र कधी नव्हते.

ते चित्र संगणकीय मॉडेलांनी आणले. युरोपीय देशांच्या सामाईक केंद्राने 1979 मध्ये मध्यम पल्ल्याचे अंदाज नियमितपणे देण्यास सुरुवात केली, आणि 1989 मध्ये भारतातही याच कामासाठी महासंगणक आला. वातावरणाच्या आजच्या स्थितीवर भौतिकशास्त्राची समीकरणे चालवून उद्याची स्थिती काढणे हा या सर्वांचा गाभा एकच आहे, तरी उत्तरे वेगळी येतात. याचे पहिले कारण असे की ‘आजची स्थिती’ कोणालाच पूर्ण ठाऊक नसते. कोकणाचा पाऊस येतो अरबी समुद्रावरून, आणि समुद्रावर जमिनीसारखी केंद्रे नसतात. उपग्रह, तुरळक जहाजे आणि तरंगती उपकरणे यांच्या जोरावर प्रत्येक मॉडेल आपापल्या रीतीने ती पोकळी भरते. सुरुवातीचा हा बारीक फरक चार-पाच दिवसांत केवढा मोठा होतो, हे 1960 च्या दशकातच लक्षात आले होते. म्हणून 1992 च्या अखेरीपासून युरोपात आणि अमेरिकेत एकच मॉडेल किंचित वेगळ्या सुरुवातींनी अनेकदा चालवण्याची पद्धत रूढ झाली. युरोपीय केंद्र आज अशी 51 उत्तरे काढते. फोनवरच्या ढगाच्या चित्रात यातले काहीच उतरत नाही. तिथे बहुधा एकच उत्तर येते आणि तेही खात्रीचा आव आणून.

दुसरे कारण खास आपल्या भूगोलाचे आहे. समुद्र ते सह्याद्रीचा माथा हे अंतर बहुतेक ठिकाणी पन्नास ते ऐंशी किलोमीटर भरते. जागतिक मॉडेल पृथ्वीचे साधारण 9 ते 13 किलोमीटरचे चौकोन पाडते, म्हणजे वेंगुर्ल्यापासून आंबोलीपर्यंतचा सगळा चढ त्याच्या दृष्टीने जेमतेम चार-पाच चौकोनांचा असतो आणि त्यात घाटाचा कडा घासून गुळगुळीत झालेला असतो. प्रत्यक्षात आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खाली वेंगुर्ल्याला त्याच्या निम्माही पडत नाही. किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा वीस-तीस किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला धरला गेला, की एका मॉडेलचा पाऊस दापोलीत पडतो आणि दुसऱ्याचा राजापुरात. हवामानशास्त्राच्या मोजपट्टीने ही चूक लहान आहे, राजापूरकराच्या मोजपट्टीने नाही.

या लहान अंतरांचे भान सर्वसामान्यांना 26 जुलै 2005 ने दिले. 27 तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944.2 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातील कुलाब्याला 73.4. ‘मुंबईत मुसळधार’ असे कोणी आदल्या दिवशी म्हटले असते, तर तो अंदाज कुलाब्यासाठी बरोबर ठरला असता आणि सांताक्रूझसाठी निरर्थक. रडार, स्वयंचलित केंद्रे, जिल्हावार इशारे आणि पुढील तीन तासांच्या सूचना हा आजचा सगळा पसारा त्यानंतरच्या काळात वेगाने वाढला, आणि अंदाजांची संख्या वाढली तसे मतभेदही उघड्यावर आले.

मात्र या मतभेदांपैकी निम्मे मॉडेलांचे नसून मराठीचे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्यात सर्वाधिक दोष ‘तुरळक’ या शब्दाचा आहे. हवामान खात्याच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या क्षेत्रातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर, एवढाच. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75 टक्के, आणि त्यापुढे जवळपास सर्वत्र. म्हणजे हा शब्द पाऊस किती भागात पडेल ते सांगतो, किती जोराचा पडेल ते नाही. जोर सांगण्यासाठी वेगळे शब्द आहेत: चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस झाला तर मुसळधार, 115.6 ते 204.4 झाला तर अति मुसळधार आणि त्याहून अधिक झाला तर अत्यंत मुसळधार. आता बोलीतला अर्थ पाहा. ‘पाऊस तुरळक आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा छत्री न घेता दुकानापर्यंत जाऊन येता येईल, असे आपल्याला म्हणायचे असते. वर्तमानपत्राच्या मथळ्यात जागा वाचवण्यासाठी ‘ठिकाणी’ गळते आणि ‘कोकणात तुरळक पावसाची शक्यता’ उरते; मूळ पत्रकात मात्र दोन-तीन गावांवर आभाळ फाटण्याची शक्यता लिहिलेली असते. जिल्ह्यात समजा बारा ठिकाणी पर्जन्यमापक आहेत आणि त्यांपैकी खेड, संगमेश्वर आणि लांजा येथे 100 मिलिमीटर पाऊस झाला. अंदाज तंतोतंत खरा ठरला. त्या दिवशी गुहागरला ऊन पडले असेल तर गुहागरकर तो चुकला असेच म्हणणार, आणि खेडचा माणूस ‘तुरळक म्हणाले होते आणि हे बघा’ असे म्हणणार. एकच बरोबर अंदाज दोघांच्याही लेखी चुकीचा ठरला.

‘अतिवृष्टी’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. महसूल विभागाच्या लेखी महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, कारण पीकनुकसानीचे पंचनामे आणि मदत त्या आकड्याशी बांधलेली आहे. हवामानाच्या बातम्यांत मात्र हाच शब्द अनेकदा 204.4 मिलिमीटरच्या वरच्या पायरीसाठी वापरला जातो. मराठवाड्यात 65 मिलिमीटर म्हणजे शेत वाहून जाणे असू शकते. जुलैतल्या कोकणात तो लावणीचा चांगला दिवस असतो. त्यामुळे ‘जिल्ह्यातील इतक्या मंडळांत अतिवृष्टी’ ही सकाळची बातमी आणि ‘अतिवृष्टीचा इशारा नाही’ हा आदल्या संध्याकाळचा अंदाज एकाच वेळी खरे असू शकतात. त्यात मोजणीचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, म्हणजे 22 तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस सरकारी तक्त्यात 23 तारखेच्या नावावर चढतो. शब्दांचा हा घोळ मिटवणे महासंगणक विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडले असते, पण त्याकडे लक्ष द्यावे असे कोणाला वाटलेले दिसत नाही.

रंगांनी हा घोळ कमी होईल अशी अपेक्षा होती. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटनेची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम या दोन्हींचा विचार होतो. प्रत्यक्षात आपण रंगाला मिलिमीटरचे दुसरे नाव समजतो, आणि लाल रंगाच्या दिवशी शाळांना सुट्टी देऊन ऊन पडले की पुढच्या लाल रंगाचे वजन घटते. निसर्ग वादळाच्या वेळी, 3 जून 2020 ला, ते हरिहरेश्वर ते दमण या टापूत अलिबागजवळ किनाऱ्यावर येईल असा अंदाज होता आणि तो चांगलाच अचूक निघाला. तरी चर्चा सगळी मुंबईची झाली, आणि माडपोफळीच्या बागा झोपल्या त्या श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड आणि दापोलीच्या. नकाशावर वादळाचा मार्ग एका रेषेने दाखवला, की रेषेपासून पन्नास किलोमीटरवरचा बागायतदार स्वतःला सुरक्षित धरतो. क्यार वादळ तर ऑक्टोबर 2019 मध्ये किनाऱ्याला न लागताच ओमानच्या दिशेने गेले, आणि जाताजाता कापणीला आलेले भात भिजवून गेले.

मान्सूनच्या आगमनाचा वादही याच जातीचा आहे. 2021 मध्ये एका खासगी संस्थेने तो केरळात 30 मे रोजी पोहोचल्याचे जाहीर केले, तर सरकारी खात्याने 3 जून हा दिवस धरला. खात्याची कसोटी ठरलेली आहे: 10 मेनंतर नेमलेल्या 14 केंद्रांपैकी 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान 2.5 मिलिमीटर पाऊस, शिवाय पश्चिमी वाऱ्यांची खोली आणि वेग, आणि ढगांमुळे घटलेले उष्णतेचे उत्सर्जन. खासगी संस्थेने निकषांचे वजन वेगळे लावले. कोकणातल्या शेतकऱ्याला यातून फारसे मिळत नाही, कारण केरळपासून इथवरचा प्रवास कधी एका दिवसाचा असतो तर कधी पंधरा दिवसांचा. 2025 मध्ये पाऊस 24 मे रोजी केरळात, 25 ला देवगडपर्यंत आणि 26 ला मुंबईत पोहोचला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून आहे.

कोणावर विसंबावे याचे उत्तर अंदाज किती पुढचा आहे यावर ठरते. पाच दिवसांपलीकडे गावाचे नाव लावलेला कोणताही आकडा वाचण्यात अर्थ नाही. तिथे युरोपीय आणि अमेरिकी मॉडेल एकाच दिशेला बोट दाखवतात का, एवढेच पाहावे. दोन दिवसांच्या आतील इशाऱ्यासाठी जिल्ह्याचे सरकारी पत्रक ॲपपेक्षा भरवशाचे, कारण त्यामागे अनेक मॉडेले शेजारी ठेवून पाहणारा आणि घाट ओळखणारा माणूस बसलेला असतो. पुढच्या दोन-तीन तासांसाठी रडार आणि उपग्रह पाहावेत, पण रत्नागिरीकरांनी एक ध्यानात ठेवावे: मुंबईचे रडार इथून दोनशे किलोमीटरहून दूर आहे आणि पणजीचे सुमारे 170. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर रडारचा किरण तीन-चार किलोमीटर उंचीवरून जातो, आणि पावसाळ्यातल्या बुटक्या ढगांचा बराचसा पाऊस त्याच्या खालीच पडून जातो. पडद्यावर रंग नाही आणि कौलांवर मात्र ताशा वाजतो आहे, असे होते ते यामुळे.

पावसाचा अंदाज म्हणजे पुराचा अंदाज नव्हे, ही तफावत 22 जुलै 2021 ला चिपळूणने पाहिली. बाजारपेठेत पाणी शिरले ते केवळ शहरावर पडलेल्या पावसाचे नव्हते. वर सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला 23 तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांतच 594 मिलिमीटर नोंदले गेले, आणि चिपळूणच्या माथ्यावरच्या घाटाच्या पश्चिम उतारावरचे पाणी वाशिष्ठी नदीतच उतरते. तेव्हापासून तिथले दुकानदार नारंगी रंग पाहून माल माळ्यावर चढवायला घेतात, पण त्याआधी कोळकेवाडी धरणातून किती पाणी सोडले आहे आणि दाभोळच्या खाडीची भरती किती वाजता आहे, हे दोन फोन करून विचारतात.